खुर्चीवरून उठताना

माझ्या थोरल्या भावाच्या चपला मी एकदा लपवून ठेवल्या होत्या. कोठीतल्या तांदळाच्या पिंपामागे. गोष्ट २०१६ सालची, आणि लपवणारा मी तेव्हा चांगला पंचेचाळिशी ओलांडलेला, बी. ए. झालेला, दोन कवितासंग्रह नावावर असलेला माणूस होतो.

आमचं घर जुन्या पनवेलातलं. भाई (आम्ही सगळे त्यांना भाईच म्हणत असू) तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होते. वय चौपन्न. त्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या हातातून पिशवी निसटायला लागली. मग एकदा रिक्षातच झटका आला. तपासण्या झाल्या, मेंदूत गाठ निघाली. मुंबईतल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि गाठीचा अहवाल आला: ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या कर्करोगातली ही सर्वांत आडदांड जात. पुढे सहा आठवडे किरणोपचार, सोबत गोळ्या. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधांची लांबलचक यादी होती आणि तळाशी एकच सूचना: भरपूर विश्रांती.

ती सूचना आम्ही कुराणातल्या आयतीसारखी पाळली. मोहल्ल्यातला येणारा-जाणारा तेच सांगे. डोक्याचं ऑपरेशन आहे, हलू देऊ नका. भाभी जेवण पलंगावर देत. भाईंना सवयीनं पहाटे उठून वडाळे तलावाला फेरी मारावीशी वाटे, म्हणून मी चपला लपवल्या. महिन्याभरात भाईंच्या मांड्या पार उतरल्या. तरुणपणी आळीतल्या तालमीत शंभर-शंभर बैठका मारणारा माणूस मोरीत पाटावर बसला आणि त्याला उठता येईना. मला हाक मारायची लाज वाटली म्हणून ते तसेच अर्धा तास बसून राहिले.

हे का झालं, याचा शोध घेताना मी एका इतिहासात शिरलो. आजाऱ्याला आराम द्यावा, ही समजूत आपल्याला वाटते तितकी सनातन नाही, आणि ती मोडायला लागली त्यालाही आता पाऊणशे वर्षं होऊन गेली आहेत. तो इतिहास आज थोडा सांगतो.

जुन्या वैद्यकाला व्यायामाचं वावडं नव्हतं. पनवेलकरांना आयुर्वेदाची ओळख करून द्यायला नको. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथेच धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू केला. त्या आयुर्वेदात वाग्भटानं व्यायामाचं माप सांगून ठेवलं आहे: अंगात बळ असेल त्याच्या निम्म्याइतकाच करावा. अकराव्या शतकात इब्न सिनानं आपल्या ‘कानून’ या ग्रंथात व्यायामाला स्वतंत्र प्रकरणं दिली, वृद्धांनी कोणता व्यायाम करावा तेही सांगितलं. व्यायामाला अरबीत शब्द आहे ‘रियाजत’. आपले गवई पहाटे उठून करतात तो रियाज यातूनच आला. शब्दांचा माझा धंदा असल्यामुळे इथे थोडं थांबतो. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. आपण तो मातीच्या हौद्याला दिला. कसरत म्हणजे मुळात विपुलता, पुन्हापुन्हा करणं. वस्ताद हा उस्ताद, पैलवान फारसी, कुस्तीही फारसी. हे सगळे शब्द मराठीत येऊन इतके मुरले की त्यांना आता कुणी गाव विचारत नाही. आणि आराम? तोही फारसीच. म्हणजे भांडण आमच्या घरातलंच म्हणायचं.

पलंगाची सक्ती खरी रुजली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या जॉन हिल्टन या शल्यविशारदानं १८६३ मध्ये विश्रांती आणि वेदना यांवरची आपली व्याख्यानं पुस्तकरूपानं छापली. मोडलेलं हाड, सुजलेला सांधा यांना विसावा दिला की निसर्ग आपलं काम करतो, हे त्याचं सांगणं खोटं नव्हतं. पण हाडाचा नियम हळूहळू सगळ्या माणसालाच लागू झाला. हृदयविकाराचा झटका आला, सहा आठवडे पडून राहा. बाळंतीण झाली, हलू नका. कित्येक पिढ्या डॉक्टर हेच शिकले आणि त्यांच्याकडून आपण.

याला धक्का बसला दुसऱ्या महायुद्धात. इस्पितळांत खाटा कमी, जखमी जास्त. लवकर उठवलेले रुग्ण पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे होतात, असं डॉक्टरांच्या ध्यानात यायला लागलं. १९४७ च्या डिसेंबरात रिचर्ड अॅशर या लंडनच्या डॉक्टरानं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. रक्ताच्या गाठी, फुप्फुसातला कफ, पाठीचे व्रण, झिजणारी हाडं आणि शेवटी खचलेलं मन, असा पायापासून डोक्यापर्यंतचा पाढाच त्यानं वाचला. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना वीस दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद मोजली, ती घसरली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. वीस दिवसांच्या झोपेनं जितकं नुकसान केलं होतं, तितकं तीस वर्षांच्या वयानंही केलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला तांदळाचं पिंप आठवलं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाचं दार उघडलं ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. पहिल्यापासून तिथे असलेल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला; १९५२ मध्ये त्यासाठी वेगळी संस्थाही निघाली. त्याच दशकात मुंबईत दुसरीही एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे कर्करोगवाल्यांचं फारसं लक्ष नसावं. पोलिओनं लुळी पडलेली मुलं उभी करायची होती, म्हणून के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५५ मध्ये हाजी अलीला, दर्ग्यासमोरच्या रस्त्यावर, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. आम्ही लहानपणी दर्ग्याला जायचो तेव्हा कुबड्या घेतलेली माणसं तिथून बाहेर पडताना दिसत. दर्ग्यात माणसं चालायची ताकद मागायला येतात आणि समोर ती शिकवतात, असं वडील म्हणायचे.

पण परळ आणि हाजी अली यांच्यामधलं अंतर तोडायला बराच काळ गेला. परळच नव्हे, जगभर तीच स्थिती. कर्करोगाच्या रुग्णानं व्यायाम करावा, हे १९८० च्या आधी फारसं कुणी बोलतच नव्हतं. बोलली ती एक परिचारिका. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मेरिल विनिंगहॅम यांनी स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या बायकांना आठवड्यातून तीनदा जागच्या जागी सायकल चालवायला लावली. दहा आठवड्यांत त्या थकण्याऐवजी जास्त सशक्त झाल्या. सहकाऱ्यांसह केलेलं हे काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. थकलेल्याला हालचालीनं हुशारी येते, ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी रुग्णाजवळ दिवसरात्र असणाऱ्या परिचारिकेला दिसली, याचं मला आश्चर्य वाटत नाही. पुढे अभ्यासांचा ढीग झाला. २०१९ मध्ये निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी मिळून निष्कर्ष काढला: आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, असं दोन-तीन महिने केलं तर थकवा, चिंता, उदासी कमी होते आणि रोजची कामं सुधारतात.

यात मेंदूचा रुग्ण मात्र सर्वांत मागे राहिला. कारणंही समजण्यासारखी आहेत. त्याला झटके येतात. तोल जातो. एका बाजूचं दिसत नाही, एक हात किंवा पाय ऐकत नाही. केमोच्या गोळ्यांनी रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात, पडला तर रक्तस्राव. शिवाय आयुष्य थोडं, मग कशाला दमवा, हा न बोललेला विचार. २००५ साली किरणांबरोबर टेमोझोलोमाइड देण्याची पद्धत आली, तिनं ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचं मध्यक आयुष्य १२ महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांवर गेलं. अडीच महिने. हा त्या क्षेत्रातला मोठा विजय आहे, यावरून लढाई कसली आहे ते कळावं.

आणि एक औषध आहे, ते देणं भाग पडतं आणि तेच पाय कापतं. १९६१ मध्ये मिनेसोटातल्या गॅलिसिच आणि फ्रेंच या डॉक्टरांनी दाखवलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज झपाट्यानं उतरते. गुंगीत पडलेली माणसं बोलायला लागतात. भाईंचंही तसंच झालं होतं. पण हे औषध जास्त दिवस घेतलं की मांड्या आणि कंबरेचे स्नायू झिजवतं. पावलं चालतात, पंजाला ताकद असते, पण बसलेलं उठता येत नाही. खुर्ची-टेबलाच्या देशात हे निभतं. आपलं आयुष्य जमिनीवरचं. पाटावर जेवण, देशी संडास, चटईवर गप्पा, आणि आमच्याकडे दिवसातून पाच वेळा सज्दा. त्यात स्टेरॉइडच्या जोडीला आम्ही पलंग दिला होता. एकानं खाल्लं, दुसऱ्यानं पुसून घेतलं.

आमच्या घरी हे चक्र फिरवलं ते रुग्णालयातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं. किरणोपचाराच्या तिसऱ्या आठवड्यात व्हीलचेअरवरून निघालेल्या भाईंना तिनं थांबवलं आणि विचारलं, “काका, शेवटचं स्वतःहून कधी उठलात?” भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तिनं एक साधी लाकडी खुर्ची मागवली, भिंतीला टेकवून ठेवली, भाईंच्या कंबरेला एक रुंद पट्टा बांधून तो स्वतः धरला आणि म्हणाली, “हात न लावता उठा. मग सावकाश बसा.” पहिल्या दिवशी दोनदा जमलं. तिसऱ्यांदा ते धपकन खुर्चीत पडले आणि हसायला लागले. कित्येक आठवड्यांत हसले नव्हते. म्हणाले, “अगं, ही तर बैठक! आम्हाला वस्तादनं शिकवलेली.”

बैठकच होती ती. तालमीतली, फक्त खाली खुर्ची ठेवलेली. व्यायामाच्या इतिहासात मला आवडलेली एक साखळी इथे सांगायला हवी. बडोद्याला जुम्मादादा नावाचे एक वस्ताद होते. त्यांचे शिष्य माणिकराव, ज्यांनी गुरूच्या नावानं व्यायाममंदिर चालवलं. माणिकरावांच्या हाताखाली जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण घडला. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला, म्हणजे आमच्या पनवेलहून घाट चढला की लगेच, कैवल्यधाम काढलं आणि योगासनांनी शरीरात नेमकं काय होतं ते क्ष-किरणांनी आणि यंत्रांनी तपासायला घेतलं. कसरतीला श्रद्धेच्या हवाली न करता मोजायला बसणारा हा माणूस. आज ह्यूस्टनच्या कर्करोग रुग्णालयात मेंदूच्या रुग्णाला आणि त्याची सेवा करणाऱ्या नातेवाइकाला जोडीनं योग शिकवून पाहिला जातो, तेव्हा मला ती जुम्मादादांपासूनची वाट दिसते. जोडीनं, हे त्यातलं महत्त्वाचं. आमच्या भाभींची कंबरही भाईंना उचलून उचलून गेली होती.

मेंदूच्या कर्करोगात व्यायामानं काय साधतं, याचं खरं उत्तर अजून लहान आहे आणि ते मोठं करून सांगू नये. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास आला. गाठ पुन्हा उद्भवलेले २४३ रुग्ण. आठवड्यात बहुतेक दिवस अर्धा तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांचं मध्यक आयुष्य जवळपास २२ महिने, कमी हालचाल करणाऱ्यांचं १३ महिने. हा आकडा वाचून मी रात्रभर झोपलो नव्हतो. पण नीट वाचलं तर त्यात एक गाठ आहे: ज्यांचा आजार मुळात सौम्य चालला होता, तेच जास्त चालू शकत असतील. व्यायामानं आयुष्य वाढतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं. २०२० मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार स्थिर असलेल्या ३४ रुग्णांपैकी काहींनी घरी आठवड्यातून तीनदा, सहा महिने व्यायाम केला, लांबून मार्गदर्शन घेत. लक्ष लागण्यासारख्या काही बाबतींत थोडी सुधारणा दिसली. चौतीसच माणसं, म्हणून शास्त्रज्ञांनीही आवाज चढवला नाही. त्यांनी तो व्यायाम निभावला, हीच मुख्य बातमी.

आणि आपल्या दाराशी? खारघर पनवेल तालुक्यातलं. पनवेल स्टेशनवरून लोकल धरली की खांदेश्वर, मानसरोवर आणि मग खारघर. तिथे डोंगराच्या पायथ्याशी साठ एकरांत टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र २००२ पासून आहे. अॅक्ट्रेक म्हणतात ते. खानोलकरांच्या संस्थेचाच तो पुढचा वंश. टाटाच्या मेंदूविकार विभागानं एक काम केलं, ते मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचं वाटतं. १९६५ मध्ये फ्लॉरेन्स महोनी ही डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल ही फिजिओथेरपिस्ट, या दोघींनी अमेरिकेत एक पट्टी बनवली होती. स्वतः जेवता येतं का, आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून खुर्चीत येणं, चालणं, जिना, अशा दहा गोष्टींना गुण. तीच पट्टी थोडी बदलून डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत गाठ असलेली मुलं आणि तरुण यांना किरणोपचाराआधी आणि नंतर लावली, ते निष्कर्ष २००८ मध्ये छापले. गाठ किती सेंटिमीटर आहे याच्या शेजारी, मुलगा शर्टाची बटणं लावतो का, हे लिहिलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याच विभागातून मोठ्या रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास आला. त्यात गरीब आणि निरक्षर रुग्णांचे गुण उपचारांआधीच कमी होते. मला ते अजिबात नवीन वाटलं नाही. ज्याला कागदावरची सूचना वाचता येते, त्याच्या घरात चपला लपवल्या जातात. ज्याला येत नाही त्याच्या घरात काय होत असेल!

कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर घाईनं खुर्ची भिंतीला लावू नका. आधी डॉक्टरांना विचारा, फिजिओथेरपिस्टला दाखवा. झटके आटोक्यात आहेत का, प्लेटलेट्स किती, टाके भरलेत का, हे पाहूनच सुरुवात करतात. बाजूला कुणीतरी हवंच. तलावात किंवा विहिरीत पोहणं, एकट्यानं गच्चीवर जाणं नको. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, हातपाय जास्त जड वाटले तर थांबायचं आणि कळवायचं. वाग्भटाचं निम्मं बळ इथे पावही होऊ शकतं. भाईंना थकवा सकाळी कमी असे, म्हणून आम्ही सकाळचीच वेळ धरली. रोज पाच मिनिटं, मग दहा. स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर उभं राहायचं. खुर्चीवरून उठबस. डिसेंबरपर्यंत स्टेरॉइडची मात्राही डॉक्टरांनी उतरवत आणली होती, त्याचाही मोठा हात होता. सगळं श्रेय बैठकांना देणार नाही. जानेवारीत मी पिंपामागून चपला काढल्या. भाईंनी त्या पाहिल्या, काही बोलले नाहीत, पायात घातल्या. वडाळे तलावाची एक फेरी आम्हाला पाऊण तास लागली. वाटेत तीनदा बसलो.

२०१७ चा रमजान मे महिन्याच्या शेवटी सुरू झाला. रोजे त्यांना माफच होते, आजाऱ्याला धर्मानंच सूट दिली आहे. नमाजही ते खुर्चीवर बसूनच पढत. पण ईदच्या दिवशी एकदा तरी कपाळ जमिनीला लावायचं, असं त्यांनी मनात धरलं होतं. वाकल्यानं डोक्यात दाब तर येणार नाही ना, हे विचारायला ते मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर हसले, परवानगी दिली. त्या ईदला भाई घरातल्या जानमाजवर सज्द्यात गेले आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवून उठले. दुसऱ्या रकातीला खांदा लागला नाही.

गाठ त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराला परत आली. मार्च २०१८ मध्ये भाई गेले. निदानापासून दीड वर्ष, म्हणजे आकडेवारीच्या जवळपासच. व्यायामानं त्यात एक दिवस वाढला की नाही, मला सांगता येणार नाही. मोरीतून हाक न मारता ते उठून येत, असे दिवस मात्र मी मोजले आहेत, कारण भाभींनी ते लिहून ठेवले होते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्या रोजच्या बैठकांचा आकडा टाकत. सप्टेंबर २०१७ च्या पानावर एका चौकोनात बत्तीस आहे, त्याच्याभोवती भाईंनी स्वतः पेननं गोल केला आहे. डिसेंबरात अकरा, नऊ, अकरा. फेब्रुवारीच्या पानावर शेवटचा आकडा चार आहे. त्याच्या पुढचे चौकोन रिकामे आहेत. दूध मात्र रोज एक लिटर.